पात्राचं बोलणं, लेखिकेचा गुन्हा: ओलँप द गूज वाचताना

2 नोव्हेंबर 1793. पॅरिसच्या क्रांतिकारी न्यायालयात एका बाईवर खटला चालू आहे. पुराव्यांमध्ये तिच्या घरझडतीत सापडलेला नाटकाचा एक खर्डाही आहे. नाटक अपुरं, जेमतेम दीड अंकाचं, कधीही रंगमंचावर न आलेलं. त्यात राणी मारी आंत्वानेत हे एक पात्र आहे आणि ती अर्थातच राजेशाहीच्या बाजूने बोलते. न्यायालय विचारतं, अशी वाक्यं का लिहिलीत? लेखिकेच्या उत्तराचा आशय असा, की राणीच्या तोंडी राणीला शोभेल अशीच भाषा घातली. दुसऱ्या दिवशी तिला गिलोटिनवर चढवण्यात आलं.

ही लेखिका म्हणजे ओलँप द गूज. आजची पोस्ट तिच्याबद्दल आहे, आणि तितकीच 'साधन वाचायचं कसं' याबद्दलही. संशोधनाच्या तयारीत असणाऱ्यांना तिच्या निमित्ताने बरंच शिकता येतं.

आधी थोडक्यात चरित्र. जन्म 1748, दक्षिण फ्रान्समधल्या मोंतोबाँचा. मूळ नाव मारी गूझ. कागदोपत्री वडील खाटीक. पण आपले खरे वडील तिथले एक सरदार आणि नाटककार लफ्राँ द पोंपिन्याँ आहेत, असं ती स्वतः सुचवत असे. सतराव्या वर्षी मनाविरुद्ध लग्न, एक मुलगा आणि लवकरच वैधव्य. त्यानंतर तिने नवऱ्याचं नाव लावलं नाही. आईच्या नावातून 'ओलँप' घेतलं, आडनावाला 'द' जोडला आणि पॅरिस गाठलं. तिच्या भागाची बोली ऑक्सिटन, त्यामुळे साहित्यिक फ्रेंच तिला नंतर कमवावी लागली. पुष्कळसं लेखन ती लेखनिकाला सांगून लिहवून घेई.

आपण तिला ओळखतो ते 1791 च्या स्त्री-हक्कांच्या जाहीरनाम्यामुळे. पण ती स्वतःला आधी नाटककार मानत होती. गुलामगिरीवरचं तिचं नाटक 'कॉमेदी-फ्राँसेज' या राजमान्य नाट्यसंस्थेने 1785 मध्ये स्वीकारलं. स्वीकारलं म्हणजे काय, तर वर्षानुवर्षं ठेवून दिलं. कुठलं नाटक कधी करायचं हे तिथले भागीदार नटच ठरवत. शिवाय वसाहतींच्या व्यापारात हितसंबंध असलेली बडी मंडळी प्रेक्षकांत होती. अखेर 28 डिसेंबर 1789 ला प्रयोग झाला, विरोधकांनी गोंधळ घातला, आणि तीन प्रयोगांत नाटक बंद पडलं. रंगमंच असा हातचा जात असताना ती पत्रकं आणि भित्तिपत्रकांकडे अधिकाधिक वळत गेली. तिचं निबंधलेखन आणि तिचं नाटक म्हणूनच वेगळे कप्पे करून वाचू नयेत.

जाहीरनाम्याकडे या नजरेने बघा. 1789 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 17 कलमं होती, तिच्यातही 17च. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. काही ठिकाणी ती फक्त 'पुरुष' शब्दाला 'स्त्री' जोडते. काही ठिकाणी मात्र कलमाचा रोखच बदलते. दहाव्या कलमात ती म्हणते, की बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क असेल, तर व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे. अकराव्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्य येतं, पण ते कशासाठी? आपल्या मुलाचा बाप कोण हे आईला उघड सांगता यावं म्हणून. तिच्या जन्माची गोष्ट आठवली की हे कलम एकदम जिवंत होतं. पण जपून. चरित्रातून एखादी ओळ उलगडते, म्हणून ती फक्त खासगी दुःखाची ओळ ठरत नाही. अनौरस मुलांचे हक्क हा तेव्हाचा कायद्याचा खरा प्रश्न होता.

आता खटल्याकडे परत येऊ. जुलै 1793 मध्ये तिला अटक झाली ती 'तीन कलश' या भित्तिपत्रकामुळे. अखंड प्रजासत्ताक, संघराज्य की राजेशाही, याचा कौल लोकांनी मतदानाने द्यावा, असा तिचा प्रस्ताव होता. त्याच वर्षीच्या 29 मार्चच्या कायद्याने राजेशाहीच्या पुनःस्थापनेचा पुरस्कार करणाऱ्या लेखनाला मृत्युदंड ठेवला होता. पर्याय मांडणं म्हणजे पुरस्कार करणं, असं न्यायालयाने धरलं. नाटकाच्या बाबतीतही तीच गल्लत: पात्र बोललं म्हणजे लेखिका बोलली. गंमत म्हणजे त्याच नाटकात ओलँप स्वतःही एक पात्र आहे, आणि ती राणीलाच चार गोष्टी सुनावते! खटल्यात तिला वकीलही मिळाला नाही. फाशीनंतर काही दिवसांतच तिच्या मुलाने जाहीरपणे तिच्याशी नातं नाकारलं. भीतीच्या त्या दिवसांत त्याच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, हेही विचारायला हवं.

पुढच्या वाचकांनी तरी नीट वाचलं का? एकोणिसाव्या शतकातला मोठा इतिहासकार मिशले याने तिला लिहिता-वाचताही येत नव्हतं, अशी ऐकीव गोष्ट पुढे ढकलली. लेखनिकाला मजकूर सांगणं याचा अर्थ थेट निरक्षरता! 1904 मधल्या एका फ्रेंच वैद्यकीय प्रबंधाने तर तिच्या सुधारणेच्या ध्यासालाच मानसिक आजार ठरवलं. हा प्रबंध होता, म्हणजे आपल्यासारख्याच एका विद्यार्थ्याचं काम. मला हे वाचताना जास्त अस्वस्थ वाटलं. त्याच्याकडेही साधनं होती, पद्धत होती, मार्गदर्शकही असणारच. फक्त निष्कर्ष आधी ठरला होता.

तिच्या कामाकडे गंभीरपणे बघणं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढलं. 1981 मध्ये ओलिव्हिए ब्लाँ यांनी अभिलेखागारातल्या कागदपत्रांवर आधारलेलं चरित्र लिहिलं. 1996 मध्ये जोन स्कॉट यांनी तिच्या लेखनातल्या विसंगती हा दोष न मानता, त्या काळच्या नागरिकत्वाच्या कल्पनेतलीच अडचण त्यांतून कशी दिसते, हे दाखवलं.

तर पुढच्या वेळी एखादं साधन हातात आलं, की टिपण काढण्याआधी तीन प्रश्न कागदाच्या वरच लिहून ठेवा. इथे बोलतंय कोण? हा लेखनप्रकार कुठला? आणि हा कागद जपून कोणी ठेवला, कशासाठी? ओलँपच्या नाटकाचा तो खर्डा जप्त झाला म्हणून टिकला. तिला दोषी ठरवायला जमवलेल्या कागदांतूनच आज आपण तिची बाजू वाचतो.