खणखणीत

बीडमधलं तुमचं घर. रात्रीचे अकरा. टेबलावर भिंग, छोटा वजनकाटा आणि संग्रहाची नोंदवही. तळहातावर एक नाणं आहे. त्यावर दाढीवाला चेहरा, डोक्यावर सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट: रोमचा सम्राट गॅलिएनस. मागच्या बाजूला नरतुरंग, म्हणजे कमरेपर्यंत माणूस आणि खाली घोडा. त्याच्याभोवती, सम्राटाचा रक्षणकर्ता म्हणून अपोलो देवाला घातलेलं साकडं. सम्राटाच्या नाकाच्या शेंड्यावर तांबूस धातू उघडा पडलाय. बाकी सगळीकडे चांदीचा पापुद्रा आहे.

नाणं निसटतं आणि फरशीवर पडतं. आवाज येतो तो बद्द.

चांगल्या नाण्याला, मोकळ्या गळ्याला आणि ठाम उत्तराला मराठीत एकच शब्द पुरतो: खणखणीत. हे नाणं तसं का वाजलं नाही, या एका प्रश्नाचं बोट धरून तुम्ही मागे निघता.

बालाघाट, इ.स. ५० च्या सुमारास

पायाखाली आता फरशी नाही, मातीत खोल रुतलेली चाकोरी आहे. कापडाचे गठ्ठे लादलेल्या बैलगाड्या तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणकडे, चालल्या आहेत. दहा दिवसांची वाट. पैठणहून पुढे भडोच बंदरापर्यंत आणखी वीस दिवस. ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं हे अंतर याच काळात टिपून ठेवलंय. तगरचं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल, दोन्हींची नोंद त्यानं केली आहे. नकाशावर पैठण आणि तेर सरळ रेघेनं जोडा. सुमारे दीडशे किलोमीटरची ती रेघ आजच्या बीड शहराच्या अगदी जवळून जाते. तुम्ही रोज ज्या मातीवरून चालता, तिच्याच आसपास हा व्यापार चालला होता.

मुक्कामावर एक व्यापारी कनवटीची गाठ सोडतो. रोमन दिनार, सम्राट तिबेरियसचा, जवळजवळ शुद्ध चांदीचा. तो नाणं दगडावर टाकतो आणि सगळे गप्प होऊन ऐकतात. खण्ण! सौदा ठरतो. तगरमध्ये तर रोमन नाण्यांसारखी मातीची पदकंही घडतात, वर दोरा ओवायला छिद्र ठेवलेली. ज्या नाण्यावर भरवसा असतो त्याचा लोक दागिना करतात.

इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरो दिनारातली चांदी घटवतो. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांमध्ये ऑगस्टस आणि तिबेरियस यांच्याच नाण्यांची गर्दी आहे. इथल्या पारख्यांना जुनं आणि नवं यांतला फरक कळत असावा.

जोगळटेंभी, पुढचं एक युद्ध

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षत्रप नहपानाला हरवलंय. नाशिकजवळ तुमच्यासमोर नहपानाच्या चांदीच्या नाण्यांची रास पडली आहे. ऐरणीवर एकेक नाणं ठेवून शत्रूच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा ठसा मारला जातोय. १९०६ मध्ये सापडणाऱ्या साठ्यात अशी १३,००० हून अधिक नाणी असतील आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर हा दुसरा ठसा असेल. तुम्ही त्यातलं एक उचलून वाजवता. खणखणीत! राजा बदलला, छाप बदलली, चांदी मात्र होती तीच राहिली.

ऑक्सिरिंखस, इजिप्त, इ.स. २६०

आता घड्याळ वेगानं पुढे सरकतं. इ.स. २१५ मध्ये रोमचा सम्राट कॅराकॅला किरणमुकुटाचं नवं नाणं काढतो. त्याची किंमत दोन दिनारांची ठरवली, असं बहुतेक अभ्यासक मानतात, पण चांदी आहे जेमतेम दीड दिनाराची. २३५ पासून गादीसाठी सेनापतींची रांग लागते आणि पुढच्या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट होतात. प्रत्येकाला आधी सैन्याचा पगार भागवायचा असतो. सरहद्दीवर गॉथ टोळ्या आहेत, पूर्वेला इराणचा राजा शापूर आहे, शहरांत साथ पसरली आहे. २६० मध्ये तर गॅलिएनसचा बाप, सम्राट व्हॅलेरियन, शापूरच्या हाती जिवंत सापडतो.

इजिप्तमधल्या या शहरात सराफांनी दुकानांना फळ्या लावून घेतल्या आहेत. इथली नाणी अलेक्झांड्रियाच्या टाकसाळीतली, रोमच्या नाण्यांहून वेगळी, पण दुखणं तेच आहे. सम्राटांचं नाणं घ्यायला कुणी तयार नाही. अधिकारी ऑरेलियस टॉलेमायसचा हुकूम वाचला जातो: दुकानं उघडा आणि उघडउघड खोटी सोडून सगळी नाणी स्वीकारा, नाहीतर शिक्षा होईल. हा हुकूम पपायरसवर लिहिलेला होता आणि शहराच्या उकिरड्यातून तो आपल्यापर्यंत पोचला आहे. तुम्ही गर्दीतल्या चेहऱ्यांकडे बघता. नाणं घ्या म्हणून हुकूम काढावा लागला, तिथेच त्या नाण्याची पत संपली.

रोम, इ.स. २६७

टाकसाळीत धग आहे. मूस भरलीय तांब्यानं. चांदी शंभरात पाच भागांहूनही कमी. चकत्यांवर चांदीची पातळ साय तेवढी दिसते. सांडशीत धरलेली चकती ऐरणीतल्या ठशावर, वर दुसरा ठसा, आणि हातोडा. नरतुरंग उमटतो. हरिण, पंख असलेला घोडा, चित्त्यासारखं जनावर, असे एकेका देवाचे प्राणी या मालिकेत आहेत. इतक्या देवांना एकाच वेळी हाक मारणारं राज्य किती घाबरलेलं असेल, हे ठशांच्या त्या रांगेसमोर उभं राहिल्यावर कळतं. तुमचंच नाणं कोरं, चमकदार होऊन तुमच्या मुठीत येतं. अजून गरम आहे.

बालाघाट, त्याच वर्षी

चाकोरी तीच आहे, गाड्या कमी झाल्या आहेत. सातवाहनांचं राज्य मोडून एक पिढी उलटली आहे. झाडाखाली पारखी बसलाय. त्याच्यापुढे पोटिन या मिश्रधातूची मळकट नाणी आहेत, हत्ती आणि उज्जैनी चिन्हाची. शेजारी क्षत्रप रुद्रसेनाचं चांदीचं चिमुकलं नाणं. राजाच्या डोक्यामागे शक वर्ष कोरलेलं, १८९. तोच शक आजही तुमच्या घरच्या पंचांगात आहे.

तुम्ही मूठ उघडता. तो चमक बघून हसतो, नाणं दगडावर टाकतो आणि कान देतो. बद्द.

‘‘पाहुणे, हे परत ठेवा.’’

‘‘आणि हे पोटिन चालतं?’’

‘‘हे चांदीचं आहे असं कुणी सांगितलं नव्हतं.’’

बीड, पुन्हा रात्र

फरशी, टेबल, भिंग. तुमच्या हाताची मूठ अजून वळलेलीच आहे.

गौतमीपुत्रानं नाव बदललं आणि चांदी राखली. रोमनं मुकुट, देव, चेहरा सगळं राखलं आणि चांदी काढून घेतली. संकट कुठल्याही राज्यावर येतं. त्या संकटात आपण लोकांच्या हातात काय ठेवलं, याची नोंद नाणं करून ठेवतं, आणि ती नोंद अनेकदा दरबारी लेखनापेक्षा जास्त काळ टिकते.

म्हणून हे नाणं चिंचेनं किंवा राखेनं घासू नका. ती साय एकदा गेली की त्या काळाची साक्ष गेली. शेत नांगरताना जुनी नाणी लागली, तर ती वाटून घेऊ नका, वितळवू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. जोगळटेंभीचा साठा एकत्र तपासता आला म्हणूनच तो इतकं बोलू शकला.

नोंदवहीतल्या धातूच्या रकान्यात तुम्ही कधीतरी ‘चांदी’ लिहिलेलं आहे. तुम्ही ते खोडता आणि लिहिता: ‘तांबं, वर चांदी’. शेजारच्या ओळीत सातवाहनांचं हत्तीचं नाणं आहे. त्याच्या रकान्यात ‘पोटिन’ लिहिलंय. तिथे काही खोडावं लागत नाही.