काळा मसाला (नाशिक)

काळा मसाला : मिरची, धणे, खडे मसाले आणि बहुधा सुके खोबरे थोड्या तेलावर काळपट होईपर्यंत भाजून कुटलेले तिखट मिश्रण. नाशिक, अहिल्यानगर, खानदेश आणि मराठवाडा या पट्ट्यात रोजच्या कालवणाचा हा मुख्य मसाला. उन्हाळ्यात एकदा करायचा आणि वर्षभर पुरवायचा, अशी त्याची रीत आहे.

नावामुळे घोटाळा होतो. पुण्याकडच्या बऱ्याच ब्राह्मणी घरांत गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात. तो तीळ-खोबऱ्याचा, सुवासिक, मिरची नसलेला किंवा नावापुरती असलेला. नाशिकचा मात्र खरोखर तिखट. माहेरच्या सवयीने हा मसाला सढळ हाताने आमटीत घालणाऱ्या पुणेकर सुनेच्या पहिल्या पंगतीला पाण्याचे तांबे फिरत राहतात. कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला हे तिसरेच प्रकरण. त्यात कांदा-लसूण मसाल्यातच कुटलेले असतात, नाशिककडे ते बहुतेक वेळा आयत्या वेळी वाटणात येतात.

मसाल्याला काळेपण येते ते भाजण्यातून. मिरे, लवंग, मसाला वेलची हे गडद जिन्नस असतात खरे, पण इतके थोडे की त्यांनी रंग बदलत नाही. धणे, खोबरे आणि मिरची यांतील शर्करा व प्रथिने तापली की एकमेकांशी संयोग पावतात. तपकिरी रंग आणि खमंग वास त्यातून येतो. म्हणूनच प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा असतो. हळकुंड तेलात फुलेपर्यंत तळावे लागते, खसखस कढईला लागते न लागते तोच उतरवावी लागते, तमालपत्राला नुसती धग पुरते. सगळे एकदम कढईत टाकणाऱ्याच्या मसाल्यात काही कच्चे राहते, काही करपते, आणि त्याची कडवट चव पुढे वर्षभर जेवावी लागते.

प्रमाण घरागणिक वेगळे. साधारणपणे एक किलो मिरचीला अर्धा ते एक किलो धणे, आणि दालचिनी, लवंग, बाद्यान, नागकेशर, जायपत्री, शहाजिरे हे जिन्नस तोळ्यांत. जुन्या वह्यांतून छटाक हे मापही भेटते; छटाक म्हणजे पाच तोळे, सुमारे ५८ ग्रॅम. या यादीतला सर्वांत विलक्षण जिन्नस दगडफूल. वाण्याकडे ते मसाल्यांत मिळते, पण ते ना फूल ना झाडाची साल. ते शेवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे एकत्र नांदणारे शरीर आहे. खडकांवर आणि झाडांच्या खोडांवर वाढते. कोरडे हुंगले तर वास जेमतेम येतो. गरम तेलात पडले की ओल्या मातीसारखा, लाकडाच्या धुरासारखा वास सुटतो. काळ्या मसाल्याची ओळख पटवायची तर हा वास शोधावा. दगडफूल नसलेल्या मसाल्याला प्रस्तुत लेखक काळा मसाला म्हणणार नाही, भले पाकिटावर काहीही छापलेले असो.

मिरची एकाच जातीची घेत नाहीत. रंगासाठी कर्नाटकातील ब्याडगी, तिखटपणासाठी लवंगी किंवा तेजा, असे मिश्रण करतात. उत्तरेला नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ आहे; तिथे मोकळ्या मैदानांवर, ज्यांना पथारी म्हणतात, ओली लाल मिरची पसरून वाळवतात. मिरची मुळात अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती भारतात आली. मराठीने नव्या फळाला जुन्या मिऱ्यावरून नाव दिले. त्याआधीचा तिखटपणा मिरे, पिंपळी आणि आले यांचा होता.

मसाल्यातले काही जिन्नस या भागात मिरचीच्या कितीतरी आधीचे. नाशिक शहराजवळच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांत नारळाच्या हजारो झाडांच्या दानाची नोंद आहे. तिथल्याच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळच्या लेखात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे, ठेव ठेवल्याचे सांगितले आहे, आणि त्या श्रेणींत तेल गाळणाऱ्यांचीही एक आहे. नारळ किनारपट्टीचा, नाशिक घाटावरचे. ओला नारळ कोकणात रोजचा. घाटावरच्या वाटणात टिकाऊ सुके खोबरे आले, ते या अंतरामुळे.

धण्यांची गोष्ट याहून गमतीची आहे. धणे आणि कोथिंबीर एकाच झाडाची. नाशिक जिल्हा कोथिंबिरीचा मोठा उत्पादक. मेथी, शेपू, कांदापात यांच्याबरोबर ती संध्याकाळच्या लिलावात विकली जाते आणि रातोरात गाड्या भरून मुंबईला जाते. भाव शेकड्याने, म्हणजे शंभर जुड्यांचा बोलतात. पेरताना धणे रगडून दोन फाकी करून पेरतात आणि साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पीक उपटतात. इतक्या थोड्या दिवसांचे पीक असल्याने एका वेळी पुष्कळांनी पेरले की भाव कोसळतो, जुडीला मजुरीही सुटत नाही आणि माल रस्त्यावर ओतला जातो. पावसाने शेते कुजवली की तीच जुडी शहरातल्या माणसाला परवडत नाही. पण मसाल्यासाठी जे धणे लागतात ते बहुतांशी राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून येतात. कोटा जिल्ह्यातील रामगंज मंडी त्यासाठी प्रसिद्ध आहे. दाणा भरायला पीक शेतात साडेतीन महिन्यांच्या आसपास उभे राहावे लागते, कोरडी थंडी लागते, आणि नाशिकच्या बागायती जमिनीला तेवढी उसंत नसते. पान नाशिक विकते, बी नाशिक विकत घेते.

आमटी तयार झाली की धण्यांच्या मसाल्यावर पुन्हा कोथिंबीर चिरून घालतात. दोन्हींचा वास वेगळा असल्याने ही पुनरुक्ती ठरत नाही: पानांचा उग्र हिरवा वास शिजवल्यावर उडून जातो, म्हणून ती शेवटी.

मसाला करण्याचे दिवस फाल्गुन ते वैशाख, पापड-कुरडयांच्या आगेमागे. मिरच्या गच्चीवर वाळवून देठ खुडायचे, भाजायचे (हे काम एकाने केले तरी ठसका सगळ्या चाळीला लागतो), आणि डबे घेऊन डंकावर जायचे. पूर्वी हेच काम उखळात घरी होई. डंकात लोखंडी मुसळे यंत्राने वरखाली होतात. गिरणीच्या जात्यापेक्षा पीठ कमी तापते, त्यामुळे वास राहतो, असे डंकवाले आणि गिऱ्हाइके दोघेही सांगतात. आपला मसाला होईपर्यंत तिथून कोणी हलत नाही. आपल्या आधी काय कुटले याचीही चौकशी होते, कारण उखळाच्या तळाशी राहिलेला दुसऱ्याचा मसाला आपल्यात येतो.

उपयोगात काळा मसाला एकटा क्वचित येतो. कांदा आणि खोबरे विस्तवावर किंवा तव्यावर भाजून, लसूण-आल्याबरोबर वाटून, त्या वाटणात तो परततात. तेल कडेने सुटले की पाणी घालायचे. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून रश्श्यावर लाल तवंग येतो. मटकी, वांगी, हुलग्याची शेंगोळी, पाटवड्यांची आमटी, मटण, शेवभाजी या सगळ्यांना हाच पाया. शहरात नाव काढले जाते ते मिसळीचे. नाशिकच्या मिसळीच्या काळ्या रश्श्याची प्रसिद्धी आता गंगापूर रस्त्याच्या मळ्यांपर्यंत पोचली आहे, आणि तिथे मिसळीबरोबर पापड, दही येते, कधी जिलेबीही.

कांदा-लसूण हे या जिल्ह्याचे घरचे पीक. लासलगावची बाजार समिती १९४७ पासूनची. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठानाचे संशोधन केंद्र नाशिक जिल्ह्यात आहे, आणि लसणाच्या 'यमुना सफेद' मालिकेतील जाती त्याच संस्थेच्या. तरीही आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, भजी-थालीपिठे खाऊन अनेक घरे चातुर्मासापुरता दोन्हींचा निरोप घेतात. काळ्या मसाल्यात ते कुटलेले नसल्याने त्याच डब्यावर चार महिने निभावतात. वाटणात खोबऱ्याबरोबर तीळ वाढतात आणि फोडणीत हिंग वाढतो.

हा मसाला साऱ्या जिल्ह्याचा नाही. पेठ, सुरगाणा या पश्चिमेकडच्या डोंगरी तालुक्यांत नागलीच्या भाकरीबरोबर खुरासणीची चटणी, हिरवी मिरची, लसूण एवढ्यावर जेवण होते. इतके खडे मसाले विकत घेऊन भाजण्याची चैन हा सपाटीच्या बागायतदारांचा आणि शहराचा व्यवहार.

तयार मसाल्याची बाजारपेठ मोठी आहे आणि 'राम-बंधू'सारखी नावे नाशिकचीच. घरच्या मसाल्याची मुख्य अडचण साठवणीची. खोबऱ्यात तेल भरपूर, ते खवट होते. म्हणून पुष्कळ जणी वर्षाच्या मसाल्यात खोबरे अगदी कमी घालतात किंवा घालतच नाहीत, आणि वाटणात ताजे भाजतात. चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत मसाला दाबून भरतात, मध्ये हिंगाचे खडे ठेवतात, तोंडाला फडके बांधतात. ओला चमचा घालणाऱ्याला बोलणी बसतात. पावसाळ्यापर्यंत मसाला तेजीत असतो. माघ-फाल्गुनात तळाशी उरलेल्याचा वास उतरतो, आणि एका चमच्याच्या जागी दीड चमचा घालावा लागतो.