बंदर तेच, नियम कोणाचे? सोपारा-वसईचा दोन हजार वर्षांचा व्यापार (थ्रेड)

१/ आज नालासोपारा म्हटले की डोळ्यांपुढे येते ती सकाळची खच्चून भरलेली लोकल. परंतु याच सोपाऱ्याचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक होते. आशिया खंडाचे वैभव कसे वाढले आणि कसे ओसरले, हे समजून घ्यायला आपला हा किनारा पुरेसा बोलका आहे.

२/ १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. राजाज्ञा कोरायची ती जिथे माणसांची वर्दळ असते तिथेच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सोपाऱ्याचे महत्त्व किती होते, याची ही साक्ष.

३/ इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण या बंदरांची नोंद आहे. पैठण, तेर, जुन्नर अशा देशावरच्या पेठांतून निघालेला माल नाणेघाटासारख्या वाटांनी कोकणात उतरे. त्याच शतकात रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की, भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

४/ हा व्यापार केवळ जहाजांवर उभा नव्हता. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यांतील लेख पाहा. त्याने शूर्पारकात धर्मशाळा बांधली, डहाणूसह अनेक नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या. विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापणे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवली. ठेव, व्याज, पतपेढी: सारे काही इथे होते.

५/ पण ‘पेरिप्लस’मध्येच आणखी एक नोंद आहे. कल्याणला चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. कारण किनाऱ्यावरची सत्ता बदलली होती. बंदर तेच, खाडी तीच. माल कुठे उतरायचा हे मात्र सत्ताधारी ठरवीत असे. हे सूत्र लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा पुन्हा भेटेल.

६/ सन १०९४. शिलाहार राजा अनंतदेव याच्या खारेपाटण ताम्रपटात ठाणे, सोपारा, चौल इत्यादी बंदरांवरील जकात काही व्यापाऱ्यांना माफ केलेली आढळते. स्थानिक राजा सवलत देऊन व्यापार आकर्षित करीत होता. पुढे सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली आणि व्यापाराचे केंद्र दक्षिणेला, उल्हास नदीच्या मुखाशी असलेल्या वसईकडे सरकले.

७/ २३ डिसेंबर १५३४. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांना दिली. तहातील अट पाहा: गुजरातमधून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहूनच निघावे, परतताना इथेच जकात भरावी. पोर्तुगीज परवान्याशिवाय, म्हणजे ‘कार्ताझ’शिवाय, प्रवास नाही. व्यापार आशियाचा, शिक्का युरोपचा.

८/ तरीही आशियाला युरोपीय मालाची फारशी गरज नव्हती. इथले कापड आणि मसाले घेण्यासाठी युरोपला अमेरिकेतील खाणींची चांदी ओतावी लागे. वसई संपन्न झाली. गोव्याच्या बॉम जेझू चर्चसाठी काळा दगड इथूनच गेला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. जमीन मराठ्यांची झाली, पण खुल्या समुद्रावरील वर्चस्व युरोपीय आरमारांकडेच राहिले.

९/ ३१ डिसेंबर १८०२. याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. तैनाती फौज आली आणि तिच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाख उत्पन्नाचा मुलूख गेला. अर्थेतिहासकार अँगस मॅडिसन यांच्या अंदाजानुसार १८२० मध्ये जगाच्या उत्पन्नात आशियाचा वाटा निम्म्याहून अधिक होता. १९५० पर्यंत तो पाचव्या हिश्श्याहूनही कमी झाला. एकीकडे यंत्रयुग युरोपात अवतरले, दुसरीकडे जकात आणि करांचे निर्णय आशियाच्या हातून गेले.

१०/ १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी धावली. ज्या किनाऱ्याकडे जग येत असे, तो आता मुंबईला भाजी, केळी, फुले आणि पुढे मनुष्यबळ पुरवू लागला. २००९ मध्ये इथे महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती.

११/ ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी. उषवदाताच्या नावा चालत त्याच परिसरात आशियाचा व्यापार पुन्हा येऊ पाहतो आहे आणि स्थानिक मच्छीमार त्याला विरोध करीत आहेत. बंदर किती मोठे, हा प्रश्न दुय्यम आहे. इतिहास विचारतो तो प्रश्न वेगळा: नियम कोण ठरवणार, आणि किनाऱ्यावरच्या माणसाच्या पदरात काय पडणार?