पडदा आणि सुई

मुरबाडच्या एका शाळेत जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली बसवावयास मी शहापुराहून गेलो होतो. भाषा मराठी निवडली, आणि पुढच्या पडद्यावरचे बटनच कडेबाहेर गेले. सारा दिवस फुकट!

पूर्वी हे पडदे माणसेच एकेक करून तपाशीत. २०११ च्या सुमारास जर्मनीतील ‘सूसे’च्या मंडळींनी ‘ओपनक्यूए’ पुढे आणले. त्यात यंत्रच कळा दाबते, पडद्याचे चित्र टिपते आणि जपलेल्या नमुन्याशी ताडून पाहते. या नमुन्याला ‘सुई’ म्हणतात. पुढे ‘फेडोरा’नेही हीच रीत उचलली.

मात्र आधी कुणी जपले तेवढेच सुईला कळते. मराठी पडद्याची तपासणीच कुणी लावली नाही, तर यंत्राला ती चूक दिसतच नाही, आणि मुरबाडचे पोर अडून बसते.