दणकट आणि स्वस्त : मनगटावरच्या घड्याळाची गोष्ट

"रोज वापरायला, ट्रेकला न्यायला, जरा आपटलं-भिजलं तरी चालेल असं एखादं घड्याळ सुचव ना. बजेट फार नाही." ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात एक गृहीतक पक्कं असतं. दणकट हवं तर पैसे जास्त मोजायचे, आणि स्वस्तातलं घेतलं तर ते तकलादू निघणार. चपला, बॅगा, छत्र्या यांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे. घड्याळांच्या बाबतीत मात्र हे गणित चाळीसेक वर्षांपूर्वी उलटं झालं. ते कसं झालं, यावर आजचा लेख. खरेदीचा सल्लाही आहे, पण तो शेवटी :)

तर मंडळी, आधी दणकटपणा महाग का होता ते बघू.

चावीच्या घड्याळाचा जीव असतो बॅलन्स व्हीलमध्ये. हे छोटंसं चाक सतत इकडून तिकडे झोके घेतं. जुन्या घड्याळांत साधारण तासाला १८,००० टिकटिक, म्हणजे सेकंदाला पाच. आणि हे सगळं तोललेलं असतं केसाच्या जाडीच्या दोन टोकांवर. घड्याळ फरशीवर पडलं की मोडतं ते बहुतेक वेळा हे टोकच.

खिशात साखळीला बांधलेलं घड्याळ निदान सुरक्षित तरी होतं. मनगटावरचं घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना, असं युरोपातले पुरुष पहिल्या महायुद्धापर्यंत समजत. पण खंदकात एका हातात बंदूक धरून दुसऱ्या हातानं कोटाचा खिसा चाचपायचा कसा? तोफांचा मारा कधी थांबणार आणि चढाई कधी सुरू होणार, हे मिनिटाला मिनिट जुळायला हवं. म्हणून घड्याळ मनगटावर आलं आणि धूळ, घाम, पाऊस, धक्के हे सगळे शत्रू एकदम अंगावर आले.

मग एकेक उपाय निघत गेला. १९२६ साली रोलेक्सनं 'ऑयस्टर' काढलं. त्याची पाठ आणि चावी दोन्ही आटे फिरवून घट्ट बसत, त्यामुळे पाणी आत जात नसे. मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनमधली टायपिस्ट ऑक्टोबर १९२७ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेली. लोकांनी शंका घेतली म्हणून ती दोन आठवड्यांनी पुन्हा त्या गारठलेल्या पाण्यात उतरली, तेव्हा तिच्या गळ्यात हे घड्याळ होतं. दहा-एक तासांनी तिला बाहेर काढावं लागलं, पण घड्याळ चालू होतं! रोलेक्सनं लगेच 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर जाहिरात ठोकली. पुढे १९३०च्या दशकात 'इंकाब्लॉक' आलं. यात त्या नाजूक टोकांखालचे खडे स्प्रिंगवर बसवलेले असतात, म्हणजे धक्का बसला की ते किंचित सरकून परत जागेवर येतात.

यातला पॅटर्न लक्षात आला का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे अजून एक पार्ट आणि अजून थोडी किंमत. आपल्या भाषेत सांगायचं तर मूळ डिझाइन तेच, वर पॅचवर पॅच.

उलट्या दिशेनं पहिला प्रयोग केला अमेरिकेतल्या टायमेक्सनं, १९५०च्या दशकात. माणकाचे खडे काढून टाकले, त्या जागी कठीण मिश्रधातू वापरला आणि रचना शक्य तितकी साधी केली. मग टीव्हीवर जाहिरातींत घड्याळाचे हाल करून दाखवायला सुरुवात केली. एका लाइव्ह कार्यक्रमात तर घड्याळ बोटीच्या मोटरच्या पंख्याला बांधलं आणि ते चक्क निसटून गेलं. निवेदक म्हणाला, रिहर्सलला चाललं होतं हो! तरीही १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकलं जाणारं दर तिसरं घड्याळ टायमेक्स होतं. मात्र ते बिघडलं तर दुरुस्तीच्या फंदात पडायचं नाही, सरळ नवीन घ्यायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे तेव्हा वेगळंच पर्व चालू होतं. १९६१ साली बंगलोरच्या एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. 'जनता' हे मॉडेल नावाप्रमाणेच घरोघरी गेलं. पहिल्या पगारात, मॅट्रिक पास झाल्यावर किंवा लग्नात जावयाला एचएमटी, हे जणू ठरलेलं. रोज सकाळी चावी द्यायची, दोन-तीन वर्षांनी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून ऑइलिंग करून घ्यायचं. पाण्यात हात घालण्याआधी घड्याळ काढून खिशात ठेवायची सवय त्या पिढीच्या अंगात अजून आहे. घड्याळ माणसाला सांभाळत नव्हतं, माणूस घड्याळाला सांभाळत होता.

हे सगळं बदललं ते २५ डिसेंबर १९६९ या दिवशी. टोकियोत सेकोनं 'क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन' विक्रीला ठेवलं. आत बॅलन्स व्हीलच नाही. त्याऐवजी विजेवर कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक. महिन्याला पाच सेकंदांची चूक, जी चांगल्या चावीच्या घड्याळात एका दिवसात व्हायची. किंमत साडेचार लाख येन. तेवढ्यात टोयोटाची कोरोला येत होती!

आता इंजिनियर मंडळींसाठी गंमत. पुढे सगळ्या घड्याळांत जो स्फटिक रूढ झाला तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आकडा ओळखीचा वाटतोय? दोनचा पंधरावा घात. पंधरा वेळा दोननं भागत गेलं की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. हे काम करायला फ्लिप-फ्लॉपची साखळी पुरते. डिजिटल घड्याळात पुढे काटेही नाहीत, म्हणजे हलणारा भाग जवळपास शून्य. जे हलतच नाही ते धक्क्यानं मोडणार कसं?

शिवाय चिपची किंमत कशी कोसळते ते आपल्याला माहीतच आहे. १९७२ मध्ये हॅमिल्टनचं 'पल्सार' हे लाल आकड्यांचं डिजिटल घड्याळ २,१०० डॉलरला होतं. १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं प्लास्टिकचं डिजिटल घड्याळ २० डॉलरला आणलं. फक्त चार वर्षांत! या लाटेत स्वित्झर्लंडचं कंबरडं मोडलं. १९७० मध्ये तिथे साधारण ९० हजार लोक घड्याळ उद्योगात होते, १९८०च्या दशकाच्या मध्यावर ते ३० हजारांच्या आसपास उरले. पिढ्यान् पिढ्या जपलेलं कसब एका चिपनं निकालात काढलं. आपल्या क्षेत्रातल्या लोकांनी हे वाक्य जरा सावकाश वाचावं.

मग उजाडलं १९८३. मार्चमध्ये स्विस लोकांनी उत्तर दिलं, 'स्वॉच'. एरवी नव्वदच्या वर लागणारे पार्ट त्यांनी ५१ वर आणले आणि प्लास्टिकची केस कायमची बंद करून टाकली. एप्रिलमध्ये कॅसिओचं 'जी-शॉक' आलं. किकुओ इबे या इंजिनियरचं वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं होतं, त्यातून 'पडलं तरी फुटणार नाही असं घड्याळ' ही कल्पना निघाली. लक्ष्य तीन दहांचं : दहा मीटरवरून पडणं, दहा बार दाबाचं पाणी, दहा वर्षांचा सेल. टीम तिघांची. टेस्टिंग कुठे, तर तिसऱ्या मजल्यावरच्या टॉयलेटच्या खिडकीतून खाली फेकून! दोनशेवर नमुने झाले. एक पार्ट वाचवला की दुसरा तुटायचा, म्हणजे एक बग काढला की पुढचा. शेवटी बागेत चेंडू खेळणारी मुलगी पाहून इबेंना सुचलं, की चेंडूच्या मध्यभागी धक्का पोचत नाही. मग घड्याळाचं यंत्र केसमध्ये मोजक्या ठिकाणीच टेकवून जवळपास तरंगतं ठेवलं.

१९८९ मध्ये कॅसिओचंच 'एफ-९१डब्ल्यू' आलं आणि वर्तुळ पूर्ण झालं. वजन २१ ग्रॅम, सेल सुमारे सात वर्षं, चूक महिन्याला फार तर तीस सेकंद. ते आजही विकलं जातं.

आपल्याकडे १९८७ मध्ये टायटन क्वार्ट्झ घेऊन बाजारात आलं, पुढे स्वस्तातलं 'सोनाटा' आलं. चावीच्या घड्याळांवर मोठी झालेली एचएमटी मागे पडत गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. ज्या जपाननं तंत्र दिलं त्याच जपानच्या शोधानं ते कालबाह्य केलं.

तर निष्कर्ष असा, की घड्याळातला दणकटपणा भर घालून आला तेव्हा तो महाग होता, आणि काढून टाकून आला तेव्हा स्वस्त झाला. म्हणून रफ वापरासाठी लाखाच्या घड्याळापेक्षा दोन हजारांच्या आतलं डिजिटल जास्त निवांत. त्यावरचे पैसे तुम्ही कारागिरीला, देखणेपणाला किंवा नावाला देता. खुशाल द्या, फक्त मजबुतीला देतोय असं समजू नका.

आता कबूल केलेला सल्ला. पाठीमागचा आकडा नीट वाचा. ३० मीटर म्हणजे ३० मीटर खोल पाण्यात नव्हे, फक्त शिंतोडे आणि पाऊस. पोहायचं असेल तर निदान ५०, खरं तर १०० घ्या. ऑनसाइटच्या वाऱ्या असतील तर कॅसिओचं 'एई-१२००' बघा : जगभरच्या वेळा, १०० मीटर आणि दहा वर्षांचा सेल. खूपच आदळआपट असेल तर चौकोनी जी-शॉक, २०० मीटरवालं. आणि सेल बदलताना आतली रबराची रिंग नीट बसली की नाही ते दुकानात उभं राहून बघा. निम्मी घड्याळं पावसानं नाही, त्या रिंगेमुळे मरत असतील.

फक्त एक फरक ध्यानात असू द्या. दणकट म्हणजे टिकाऊ नव्हे. डिजिटल घड्याळाचं मॉड्यूल गेलं की ते टायमेक्ससारखंच कचऱ्यात जातं, पट्टा आणि केसही काही वर्षांनी कडक होऊन तडकतात. याउलट आजोबांची बंद पडलेली 'जनता' जाणत्या कारागिराकडे नेली तर ती आजही चालू होऊ शकते. असा कारागीर तुमच्या गावात अजून असेल, तर ते काम लवकर उरकून घ्या. घड्याळ थांबून राहील, तो किती दिवस दुकान उघडेल सांगता येत नाही.