मृगाआधीचे टायर

२२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. तिथल्या नोंदींत त्याखाली तो आजवर गेलेला नाही. टायरच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला या आकड्याचं मोल वेगळं वाटतं. युरोपात हिवाळी टायर चढवायची वेळ साधारण ७ अंशांवर धरतात, कारण त्याखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन रस्त्यावरची पकड सोडू लागतं. आमच्या गोरेगावात ती वेळ कधी आलीच नाही.

तरी गेल्या मे महिन्यात एक गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारू लागलं, "काका, ऑल-सीझन घालू की समर?" गाडी म्हणजे जर्मन एसयूव्ही, ताकदीची, २१ इंची चाकांची. त्याचा भाऊ माँट्रियलला असतो. तिथल्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे, त्यामुळे तिथे टायरचे दोन संच सांभाळावे लागतात. भावाने सल्ला दिला होता, तुमच्याकडे बर्फ नाही, बाराही महिने चालतील असे ऑल-सीझन घे. सल्ला मायेचा होता, पण तो तिकडच्या हवेचा होता. इकडच्या हवेचा हिशेब आमच्या धंद्याने फार पूर्वी मांडून ठेवला आहे आणि त्यात मोसम एकच आहे, पावसाचा.

आमचं दुकान वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एस. व्ही. रोडला थाटलं, तेव्हा जुनी माणसं त्या रस्त्याला घोडबंदर रोडच म्हणत. टॅक्सी म्हणजे फिएट आणि १९७४ नंतर तीच प्रीमियर पद्मिनी. टायर ५.२०-१४ मापाचा, ट्यूबवाला, नायलॉनच्या आडव्यातिडव्या थरांचा. दिवाळीपासून मेपर्यंत गुळगुळीत टायरावर टॅक्सी खुशाल पळायची. अक्षय्य तृतीया उलटली की मात्र दुकानापुढे रांग लागे. मृग लागायच्या आत निदान पुढची दोन चाकं नक्षीची हवीत, हा टॅक्सीवाल्यांचा अलिखित नियम होता. मोसमी टायर म्हणतात ते आमच्याकडे हे असे होते.

नवा टायर सगळ्यांना परवडत नसे आणि परवडला तरी हव्या त्या वेळी मिळत नसे. शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता, भांडुपला सीएटचा, तरीही मागणीच्या दिवसांत ओळख काढावी लागायची. मग रिमोल्ड. जुन्या टायरची झिजलेली पाठ खरवडायची, त्यावर नवं रबर चढवायचं आणि साच्यात वाफेवर भाजून काढायचं. हा धंदा केवढा मोठा होता, ते एमआरएफच्या इतिहासावरून कळतं. १९४६ साली मद्रासजवळ खेळण्यातले फुगे बनवणारी ही कंपनी १९५२ मध्ये रिमोल्डचं रबर करू लागली आणि त्यावर उभी राहून पुढे १९६१ मध्ये टायरमध्ये उतरली. अण्णांचा दंडक कडक होता. रिमोल्ड मागच्या चाकाला, पुढच्याला कधीच नाही. त्यासाठी त्यांनी गिऱ्हाइकं परत पाठवली आहेत, आणि मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

आजच्या एसयूव्हीच्या मालकाला पडलेला प्रश्न खरं तर तेव्हाच्या जीपवाल्यांनाही पडत असे. महिंद्रचा कांदिवलीचा कारखाना दोन स्टेशनं पलीकडे, त्यामुळे जीप आमच्या भागात पुष्कळ. आरे दूध वसाहतीच्या गोठ्यांकडे जाणारे आतले रस्ते कच्चे होते, गवत वाहून नेणाऱ्या गाड्यांनी त्यांचा पावसाळ्यात चिखल व्हायचा. शिवाय वाडा-पालघरकडे शेती असलेली मंडळी होतीच. त्यांना ६.००-१६ मापाचे बटण टायर हवे असत. चिखलात बटण जमिनीला धरतं, गाडी सुटते. पण तीच गाडी ओल्या डांबरावर आली की ब्रेक दाबल्यावर घसरत जाते, कारण रस्त्याला टेकणारं रबरच थोडं. काही शेतकरी गिऱ्हाइकं जूनमध्ये बटण चढवून दिवाळीनंतर ते उतरवत. मुंबईत राहणाऱ्याला अण्णा सरळ सांगत, तुमचं आयुष्य डांबरावर जाणार आहे, डांबराचे टायर घ्या.

१९७७ हे साल मला फार लक्षात राहिलं आहे. गोरेगावात चित्रनगरी उभी राहिली ती त्या वर्षी. त्याच वर्षी अमेरिकेत गुडइयरने टिएम्पो हा ऑल-सीझन टायर बाजारात आणला आणि राजस्थानात कांकरोलीला जेकेने भारतातला पहिला रेडियल काढला. त्यांतला ऑल-सीझन आमच्या दुकानात पोचायला खूप वर्षं लागली. रेडियल आला तेव्हा गिऱ्हाईक तो पाहून कुरकुरायचं, कारण त्याची बगल फुगलेली दिसते आणि हवा कमी आहे असंच वाटतं. टॅक्सीवाले पुन्हापुन्हा येऊन हवा मारून घेत. त्यांना गेजवरचा काटा दाखवून पटवावं लागे.

अण्णा टायर हाताने वाचत. गाडी जॅकवर चढवली की नक्षीवरून तळवा आतून बाहेर फिरवायचे, मग बाहेरून आत. एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं बोचलं, तर चाक तिरकं चालतंय. अलाइनमेंटचं मशीन आलं तरी मी अजून आधी हात फिरवतो.

त्या गिऱ्हाइकाला मी सांगितलं ते असं. ऑल-सीझनचं रबर थंडीत मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं. मेच्या तापलेल्या काँक्रीटवर, जड आणि जोरकस गाडीखाली ते लवकर झिजतं, आणि उबदार पावसात उन्हाळी टायर त्याच्याहून आधी थांबतो. त्याच्या बगलेवरचं एम+एस म्हणजे चिखल आणि बर्फ, मुंबईच्या पाण्याचा त्यात हिशेब नाही. मात्र रुंद टायरला बाजूला सारायला पाणीही जास्त असतं. खाचा उथळ झाल्या की पश्चिम द्रुतगती महामार्गावर आरेच्या पुलावरून वेगात उतरताना गाडी पाण्यावर तरंगते आणि स्टीअरिंग हलकं लागतं. कायदा १.६ मिलिमीटर खोलीपर्यंत टायर चालू देतो. मी पावसाळ्यात ३ च्या खाली जाऊ देत नाही. शक्य असेल तर २१ ऐवजी कंपनीने त्याच गाडीला मान्य केलेली २० किंवा १९ इंची चाकं घ्या, म्हणजे पेव्हर ब्लॉकच्या कडेवर बगल फाटायची भीती कमी.

ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरला ओल्या रस्त्यावरच्या पकडीची कसोटी सरकारनेही लावली आहे. याच पकडीसाठी टॅक्सीवाले मेमध्ये रांग लावत होते. गिऱ्हाइकाने १९ इंची चाकं आणि उन्हाळी टायर घेतले, मृगाच्या आठवडाभर आधी.