मराठा डिच

सन १७४३. तुम्ही कोलकात्याच्या पूर्व वेशीवर उभे आहात. घोट्यापर्यंत चिखल. समोर मजूर माती उपसताहेत, टोपल्या डोक्यावरून वाहून शहराच्या अंगाला रिकाम्या करताहेत. त्या भरावावर चढून बघा. पुढं इथूनच रस्ता जाणार आहे.

तोंडातून मराठी शब्द मात्र काढू नका. माणसं टोपल्या टाकून पळतील. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर गेल्या वर्षी चौथाईसाठी बंगालवर चालून आले. गावं लुटली गेली, जाळली गेली; जीव वाचवायला लोक हुगळीच्या या तीराला आले. शहरातल्या रहिवाशांनीच नवाब अलीवर्दीखानाच्या परवानगीनं खंदक हाती घेतला. ईस्ट इंडिया कंपनीनं २५,००० रुपये कर्जाऊ दिले. बेत ७ मैलांचा; सहा महिन्यांत खणून होतात जेमतेम ३.

इंग्रज याला म्हणतात ‘मराठा डिच’. डिच आणि डाइक ही त्यांच्या भाषेत मुळात सख्खी भावंडं: एक खणलेला चर, दुसरा त्याच मातीचा बांध. इथं दोन्ही तुमच्या पायाशी आहेत. मजुरांच्या तोंडी मात्र मराठ्यांसाठी शब्द आहे ‘बर्गी’. हा आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. घोडा स्वतःचा असला की तो शिलेदार. पागेच्या हिशेबातला हा साधा शब्द बंगाली अंगाईत शिरला, पोरांना भीती घालायला. अटकेपारच्या गोष्टी आपण छाती फुगवून सांगतो. त्यांच्या शेजारी गंगारामाचं बंगाली ‘महाराष्ट्र पुराण’ही ठेवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्यात याच स्वाऱ्या लुटल्या गेलेल्यांच्या बाजूनं दिसतात.

आता वर्षं भराभर सरू द्या. १७४४ मध्ये मानकरा इथं बोलण्यांसाठी बोलावून भास्कररामांना दग्यानं मारलं गेलं. १७५१ च्या तहात भोसल्यांना ओरिसा आणि सालीना १२ लाखांची चौथाई मिळाली. कोलकात्यापर्यंत बर्गी आलेच नाहीत. खंदक अर्धाच राहिला. १७५६ मध्ये नवाब सिराजउद्दौला चालून आला, तेव्हा हा खंदक काही त्याला अडवू शकला नाही. कोलकात्याच्या गोऱ्यांना मात्र त्यावरून ‘डिचर’ हे टोपणनाव कायमचं चिकटलं.

१७९९ मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. आज त्या वाटेवर आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाचे रस्ते आहेत. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ही आहे. कोलकात्याला गेलात तर तिथं जरूर जा, आणि कुणी गाव विचारलं तर न लपवता सांगा.